हयातीचा दाखला

माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेचं निधन आश्विनात झालं. तारीख नक्की सांगता येते, कारण पावती आहे. दाढ तशी जागेवरच आहे, उभी आहे, चावायचं कामही करते. तिच्यातली नस तेवढी काढली, पोकळी धुऊन भरून टाकली आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी वर पांढरीशुभ्र कॅप बसवली. डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "काका, आता हिच्यात जीव नाही. दुखायचा प्रश्नच नाही."

प्रश्न खरोखरच नव्हता. उत्तर मात्र त्याच रात्री पावणेदोनला आलं.

त्या दुखण्याला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मराठीत दातदुखीच्या शब्दांची टंचाई नाही. ठणका आहे, कळ आहे, सणक आहे; दात शिवशिवतात, आंबतात. हे त्यातलं काहीच नव्हतं. ठणका म्हणावा तर डोळ्यांत पाणी नाही, आणि काहीच नाही म्हणावं तर झोप नाही. एखादा माणूस कचेरीत येऊन टेबलासमोर नुसता उभा राहतो. अर्ज देत नाही, तक्रार करत नाही, जातही नाही. तसं ते दुखणं उभं होतं. मी ३५ वर्षं लेखा शाखेत काढली आहेत. अशी माणसं मी ओळखतो. ती काम करून घेतल्याशिवाय हलत नाहीत.

रात्रीच का दुखतं, त्याचं कारण मला पुढे कळलं. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि सुजल्या जागी तो जाणवतो. शिवाय दिवसा लक्ष गुंतवायला दहा गोष्टी असतात. जळगावातल्या आमच्या मेहरूणात रात्री दोन वाजता काय असणार? लांबून भुसावळकडे निघालेल्या मालगाडीचा भोंगा, कोपऱ्यावरची कुत्री आणि मी. भोंगा विरतो, कुत्री दमतात.

मूळ अपघात गेल्या पौषातला. बोराची एक जात आहे, तिचं नावच मेहरूण. शेतीच्या पुस्तकांत उमराण, कडाका यांच्या पंगतीला ती मानानं बसलेली असते. उमराण म्हणजे मोठं, गुळगुळीत, आपण सफरचंदाच्या नात्यातले आहोत असं वाटणारं बोर. आमचं लहानखुरं, टोकाला निमुळतं, दिसायला गरीब. पण तोंडात टाकल्यावर दुसऱ्या बोराचं नाव निघत नाही. मी राहतो त्या गल्लीत पूर्वी बोरीच होत्या, असं जुनी माणसं सांगतात. मग प्लॉट पडले, बोरी गेल्या, काटे तेवढे पावसाळ्यात सायकलच्या टायरला अजून सापडतात. तर अशा ह्या बोराची आठोळी माझ्या दाढेखाली आली आणि 'कट्' असा आवाज झाला. मला वाटलं आठोळी फुटली. हातावर काढून बघितली. आठोळी शाबूत होती.

मेहरूणच्या माणसाची दाढ मेहरूणच्याच बोरानं फोडावी, ही मला घरातली भानगड वाटली. घरातली भानगड चव्हाट्यावर नेऊ नये म्हणून मी आठ महिने लवंग दाबून ती घरातच मिटवत राहिलो. गणपतीत गाल असा सुजला की आरतीला नातवाला माझा चेहरा आणि मखरातला चेहरा यांत साम्य दिसू लागलं. तेव्हा गेलो.

कॅप कशाची, हा तिथे पहिला प्रश्न. धातूची, सिरॅमिकची की झिर्कोनियाची? मी म्हटलं, "सोन्याची नाही का? जळगावात आहोत." डॉक्टरीणबाई हसल्या, पण मी थट्टा करत नव्हतो. माझ्या आजोबांचा पुढचा एक दात सोन्याचा होता आणि ते हसले की सावकाराला धीर यायचा. दातात सोनं घालण्याची हौस तर फारच जुनी. इटलीतले इट्रुस्कन लोक अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्ट्यांनी दात बांधत होते. आणि अमेरिकेतल्या विल्यम टॅगार्ट या दंतवैद्यानं १९०७ साली दातांसाठी सोनं ओतायची जी रीत व्यवसायबंधूंपुढे मांडली, ती काय होती? मेणाचा नमुना करायचा, भोवती लिंपायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. आपल्याकडचे मूर्तिकार आणि सोनार हे कितीतरी शतकं करत आले होते. टॅगार्ट जळगावच्या सराफ बाजारात जन्मले असते तर त्यांना कुणी व्याख्यानाला बोलावलं नसतं, पाटल्या घडवायला बसवलं असतं. सोनं मऊ, समोरच्या दाताला झिजवत नाही, असा त्याचा गुणही आहे. हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी माझ्या गळ्यात घाला, मग तुमच्या तोंडात." झिर्कोनिया ठरलं.

आणि ते बसल्यावर दुखू लागलं.

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीचा महिना. आपण जिवंत आहोत असं बँकेत जाऊन लिहून द्यायचं, नाहीतर पेन्शन थांबते. हल्ली बोटाचा ठसा घेऊन यंत्रावरही होतं, पण आयुष्यभर खाती ओढून माझ्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्यात की यंत्र मला ओळखत नाही. तीनदा बोट लावलं, तीनदा मी निघालो नाही. शेवटी कागदावर सही करून जिवंत झालो. रांगेत उभं असताना उजवीकडून ते दुखणं सुरूच होतं आणि माझ्या मनात आलं: हिला मेलेली म्हणून कागद झाला, एक्सरे झाला, पैसेही भरले, आणि ही बया कुणी न मागता रोज दाखला देते आहे. नोव्हेंबरसुद्धा बघत नाही.

दुखणं सांगायचं तर सांगायचं कुणाला? आमचा एक कंपू सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारतो आणि मग बाकावर बसतो. फेरीपेक्षा बसणं जास्त. त्या बाकावर दुखण्यांची एक उतरंड आहे. बायपास झालेल्या आप्पांना मधली जागा. गुडघे बदललेले नाना त्यांच्या शेजारी. साखरेवाले दोन्ही कडांना. दाताचं दुखणं घेऊन गेलात तर तुम्हाला उभं राहावं लागतं. मी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा नाना म्हणाले, "काय भो, दात तर दात. माझा अख्खा गुडघा काढला, मी बोललो का?" ते गेली चार वर्षं दुसरं काही बोललेले नाहीत.

पण सल्ला द्यायला कुणी मागे राहिलं नाही. हळद-मीठ, तुरटीच्या पाण्याच्या चुळा, पेरूची पानं. लवंग तर सर्वांच्याच खिशात. लवंगेबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही. तिच्या तेलातलं युजेनॉल दातांचे डॉक्टर स्वतःच्या सिमेंटातही वापरतात. त्यांच्या दवाखान्याला जो वास येतो तो आपल्या मसाल्याच्या डब्याचाच. एकांनी त्यांच्या गावच्या एका म्हातारीची हकिगत सांगितली. भुईरिंगणीच्या बियांची धुरी द्यायची आणि दाढेतून किडे पाडून दाखवायची. पितळीतल्या पाण्यात पांढरे किडे! त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. मी घरी येऊन वाचलं तर युरोपातही हेच चालायचं, तिथे खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकत आणि बियांतून निघालेले कोंब किडे म्हणून खपवत. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच शल्यवैद्यानं दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगून टाकलं की मला दातात किडा दिसला नाही. त्याला दिसला नाही, पण आपल्या भाषेतून तो अजून निघालेला नाही. दात आपल्याकडे किडतोच. ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी चालतात त्यांना दंतकथा म्हणतात, ते आमच्या बाकावर बसलं की पटतं.

मधल्या काळात खाण्याचे हाल झाले म्हणावं तर तसंही नाही. जळगावच्या माणसाला दाताची कुरकुर असली तरी उपाशी मरायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही. इथली दोन पिकं देशभर नावाजलेली, एक केळी आणि दुसरं भरताचं वांगं. २०१६ साली दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही बिनदातांच्या माणसासाठी केल्यासारखी. भरीत तर आमच्याकडे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगं भाजून, लाकडी बडगीत ठेचून करतात; चावायचं काम आधीच उरकलेलं. मी मनात म्हटलं, हिवाळा निभेल. पहिलाच घास घेतला आणि त्यात आख्खा शेंगदाणा निघाला. खानदेशी भरतात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप घालतात, हे मी जन्मभर कौतुकानं सांगत आलो होतो. हा घात आहे हे त्या दिवशी कळलं. बरोबर कळण्याची भाकरी होती, शेव होती, मिरचीचा ठेचा होता. सगळं मऊमऊ वाढून वर दगड ठेवायचा, ही आमच्याकडची पाहुणचाराची पद्धत. मग मी केळ्यावर आलो. आठ दिवस केळी खाल्ल्यावर बायको म्हणाली, "दुखणं दाढेत आहे का पोटात, ते एकदा ठरवा."

ठरवायला गेलो. मार्गशीर्षातल्या एका सकाळी पुन्हा त्या खुर्चीवर आडवा झालो. त्या खुर्चीची एक गंमत आहे. माणूस तोंड उघडून पडलेला असतो आणि नेमकं तेव्हाच त्याला विचारतात, "नक्की काय होतं?" मी "आँ" म्हटलं. त्यांना समजलं. त्यांनी एक्सरे काढला. त्यात सगळं जागच्या जागी. मला अशा वेळी फार अपराधी वाटतं. ताळेबंद जुळलेला, आणि तरी चार आणे कमी आहेत म्हणून अडून बसलेला मीच.

मग त्यांनी निळ्या कार्बनसारखा पातळ कागद दातांमध्ये धरला. "चावा. आता डावीकडे घासा. आता उजवीकडे." कागद काढला, आरशात दाखवलं. पांढऱ्या कॅपवर एका जागी निळा ठिपका, बाकीच्यांपेक्षा ठळक. "इथे कॅप किंचित उंच आहे, काका. प्रत्येक घासाला समोरची दाढ आधी इथे आपटते." किती उंच? केसाएवढी असेल. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा हिस्सा; आणि दातांमध्ये तर २० मायक्रॉनच्या आसपासची वस्तूसुद्धा जाणवते म्हणे. भाकरीत आलेला बारीकसा खडा डोळ्यांना दिसत नाही, दाताला कळतो, तो यामुळेच. इतकी चोख मोजणी मी सराफाच्या काट्यावरही पाहिलेली नाही.

"पण मेलेल्या दाढेला कसं कळतं?" मी विचारलं. हाच तर माझा महिनाभराचा खटला होता.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नस असते दाढेच्या पोटात. ती काढली, म्हणजे पोटातली बातमी बंद. पण दाढ हाडात नुसती ठोकलेली नसते. तिच्या मुळांभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं. त्या अस्तरावर ती टांगलेली असते आणि त्याला स्वतःच्या नसा असतात. वरून रोज धक्के बसले की ते अस्तर सुजतं आणि दुखतं. दाढेचा काही दोष नाही. दाढ मेली, पण ती ज्या घरात उभी आहे ते घर जिवंत आहे.

मला हे फार पटलं. निवृत्त माणसाला हे सांगावंही लागत नाही.

त्यांनी यंत्र लावून ठिपका घासला. पुन्हा कागद, पुन्हा ठिपका, पुन्हा घर्रर्र. तिसऱ्यांदा चावल्यावर तोंडात एकदम शांतता झाली. तीन खोल्यांच्या घरात पाहुणे गेल्यावर होते तशी. मी उठायला लागलो. त्या म्हणाल्या, "थांबा. गार पाण्यानंही दुखतं म्हणालात ना?"

दुखत होतं तर. माठातलं पाणी प्यालं की उजव्या बाजूनं सणक थेट कानात. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर काहीतरी बर्फासारखं मारून तो कॅपवर टेकवला. काही नाही. दगडाला टेकवल्यासारखं. मग तोच बोळा मागच्या दाढेला टेकवला आणि मी खुर्चीतून वीतभर वर आलो.

"ही बघा तुमची गुन्हेगार," त्या म्हणाल्या. "नस काढलेल्या दाढेला गार-गरम कळतच नाही. हिची हिरडी खाली सरकली आहे, मूळ उघडं पडलंय. ब्रश फार जोरानं घासता का?"

घासतो. लेखा शाखेतला माणूस आहे. खोडरबर लावलं की कागद फाटेपर्यंत थांबत नाही.

नसेचं दुखणं कुठून येतं हे माणसाला धड सांगता येत नाही. वरची की खालची, पुढची की मागची, काही कळत नाही. फार तर ते उजवीकडचं डावीकडे जात नाही, एवढी शिस्त पाळतं. म्हणजे महिनाभर मी रात्री-बेरात्री जिला शिव्या घातल्या, बाकावर जिची बदनामी केली, ती गार पाण्याच्या बाबतीत निर्दोष होती. खरी कुरकुर शेजारणीची. आणि ती शेजारीण इतकी साळसूद, इतकी धडधाकट, की तिच्यावर संशयच आला नाही. कुठल्याही गल्लीत हे असंच असतं.

या शिवशिवण्याला सुश्रुतानं दिलेलं नाव मला नंतर सापडलं. त्यानं तोंडाचे एकूण ६५ रोग मोजले आहेत, त्यांतले आठ खास दातांचे. त्यात किडलेल्या दाताचा कृमिदंतक आहे, दात फुटतोय असं वाटायला लावणारा दालन आहे आणि ज्यात दाताला गार आणि स्पर्श सोसत नाही त्याचं नाव आहे दंतहर्ष. हर्ष! रोमांच उभे राहतात तो रोमहर्ष, तसा हा. व्याकरणानं बरोबर आहे, मान्य. पण मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे गेलेला असताना, माठातल्या पाण्याचा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करून बसलेल्या जळगावकराला तुला हर्ष झाला आहे म्हणून सांगायला सुश्रुतच हवा. आमच्या नानांना मी हे नाव सांगितलं. गुडघ्याला असं काही नाव आहे का, म्हणून ते तेव्हापासून माझ्या मागे आहेत.

आता किती दुखतं? बरंच कमी. ठिपका घासल्यावर चौथ्या दिवशी पहिल्यांदा अख्खी रात्र झोपलो आणि मालगाडी किती वाजता जाते ते कळलं नाही. शेजारणीसाठी वेगळी पेस्ट आली, मऊ ब्रश आला. पण अगदी गेलंय असं नाही. कधी संध्याकाळी, कधी उगाच, तिथे काहीतरी आहे अशी जाणीव होते. डॉक्टरीणबाई म्हणतात, सुजलेलं अस्तर शांत व्हायला काही आठवडे घेतं, वाट बघू. नाहीच राहिलं तर पुन्हा उघडून पाहू. एखादी बारीक वाट साफ करायची राहून जाते, कधी मुळाला खालपर्यंत चीर असते. त्या हे इतक्या सरळपणे म्हणाल्या की मला धीर आला. 'काही नाही' म्हणणाऱ्यांपेक्षा 'बघू' म्हणणाऱ्यांवर माझा आयुष्यभर जास्त विश्वास बसत आलाय.

बाकावर मात्र पंचाईत झाली. दुखणं कमी झालं म्हणावं तर आत्ता कुठे माझ्यासाठी कडेला थोडी जागा झाली होती.

परवा फेरी संपवून परत येताना तलावाच्या कडेला ती दिसली. पारोळ्याकडची म्हातारी, दरवर्षी पौषात येते. पुढ्यात टोपली, टोपलीत आमची ती बोरं. गेल्या वर्षीचा मुद्देमाल तिनंच पुरवलेला. मी लांबूनच जायला निघालो तर तिनं हाक मारली. मग काय करता, गेलो, आणि उगाच गालावर हात ठेवून उभा राहिलो.

"तुले काय व्हयनं भाऊ?"

सगळं सांगितलं. आठोळी, आठ महिने, नस, कॅप, निळा कागद, शेजारीण. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, पावशेर मापली, वर चार बोरं जास्तीची टाकली आणि तोंड उघडून दाखवलं.

"मना तोंडमा चारच दात शेतस," ती म्हणाली. "चारी मनं ऐकतस."

मी एक बोर डाव्या गालात धरलं. चावलं नाही. घरापर्यंत चोखत आलो. फाटकाशी पोचेतो आठोळी स्वच्छ झाली होती. ती हातावर काढली तेव्हा उजवीकडून, अगदी हलकेच, एकदा हजेरी लागली.